मधुमेह आणि पायाची न भरणारी जखम

मंडळाच्या सभागृहात रविवारी सकाळी ड्रेसिंगसाठी येणारे मधुमेही बंधू-भगिनी बाकावर बसता बसता बहुधा एकच वाक्य बोलतात : "दुखत नाही हो, नुसती ओली राहते." ते दिलासा म्हणून बोलतात. सुरुवातीची काही वर्षे आम्हालाही तो दिलासाच वाटत असे. जखम दुखत नाही म्हणजे फार खोल नसावी, आज ना उद्या भरेल, असा सरळ हिशेब आपण सर्वच जण करतो. मधुमेहात हा हिशेब उलटा आहे. तळव्याला रुपयाएवढे भोक पडले आहे आणि माणूस त्याच पायावर जिना चढून येतो आहे, याचा अर्थ त्या पायाची वेदना हरवली आहे. जखम न भरण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि ड्रेसिंग करणारेही ते विसरतात. आम्ही विसरलो होतो, म्हणून हा लेख.

मधुमेह हा शब्द आता आपल्या वस्तीत कुणाला नवा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. परमपूज्य बाबासाहेबांनाही हा आजार होता. १९४८ च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा मधुमेहाबरोबर पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडवली होती, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहेच. पायांची आग होणे, मुंग्या येणे, रात्री गोळे येणे ही नसांच्या बिघाडाची पहिली पायरी असू शकते. पुढे पुष्कळांच्या बाबतीत ही आग आपोआप शमते. रोगी म्हणतो, बरे झाले. प्रत्यक्षात तक्रार करणारी नसच मुकी झालेली असते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की शरीरातील सर्वांत लांब नसा, म्हणजे पावलांपर्यंत जाणाऱ्या नसा, आधी निकामी होतात. त्यामुळे पायात एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. स्पर्श, उष्णता व वेदना कळेनाशी होते. पावलातील लहान स्नायू दुबळे होऊन बोटे पक्ष्याच्या नख्यांप्रमाणे वाकतात आणि शरीराचा भार बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या पुढच्या गादीवर एकवटतो. घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात, म्हणून कातडी कोरडी पडून टाचेला भेगा पडतात. भार जिथे एकवटतो तिथे घट्टा तयार होतो. घट्टा म्हणजे बुटात अडकलेल्या खड्यासारखाच. निरोगी माणूस दहा पावलांत थांबून खडा काढील. ज्याला तो जाणवतच नाही, तो दिवसभर त्यावर चालतो. घट्ट्याखालचे मांस चिरडते, तिथे रक्त साकळते आणि एके दिवशी मोज्याला डाग दिसतो. त्या दिवशी रोगी म्हणतो, काल जखम झाली. ती काल झालेली नसते.

पायाची जाणीव शाबूत आहे की नाही हे घरच्या घरी पाहण्याची एक सोपी रीत आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती रूढ केली. रोग्याने डोळे मिटून पडावे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच टेकवावे. दोन्ही पाय मिळून असे सहा स्पर्श होतात. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत आणि "आता कळले का?" म्हणून पुन्हा लावायचे नाही. स्पर्श कळताच रोग्याने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावे. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श निसटले तर त्या पायाची संवेदना कमी झाली असे समजून डॉक्टरांना दाखवावे. आमच्या शिबिरांत नववी-दहावीची मुले ही तपासणी फार चांगली करतात. मोठ्यांना दाबण्याचा मोह आवरत नाही.

वेदना हरवलेल्या पायाबद्दल जगाला जे कळले, त्यातले बरेचसे आपल्याच देशात कळले. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक आले. त्या काळी समजूत अशी होती की कुष्ठरोगाने बोटे झडतात, तो रोगच मांस खातो. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की रोग फक्त नसा मारतो. बाकीची हानी चटके, खिळे, घर्षण आणि जखमेवर चालत राहणे यांनी होते. काही रोग्यांची बोटे रात्रीतून कमी झालेली दिसत. पाळत ठेवली तेव्हा कळले की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि रोग्याला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रोग्यासोबत एक मांजर देण्याची प्रथा तिथे पडली. पायाच्या व्रणांसाठी त्यांनी प्लॅस्टरचा साचा आणि मऊ रबराची पादत्राणे वापरली. १९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायाच्या जखमांचे वर्तनही तसेच असते आणि तेच उपाय त्यांनाही लागू पडतात, ही गोष्ट त्यानंतर सर्वत्र मान्य होत गेली. ज्या माणसांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या पायांवरून हे ज्ञान मिळाले आहे, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. उंदरांची गोष्टही जुनी म्हणून सोडून देऊ नये. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या, पाय बधिर झालेल्या माणसाला चाळीत आणि झोपडपट्टीतही हा धोका आहे. रात्री मोजे घालावेत, पाय पांघरुणाबाहेर राहू देऊ नयेत.

आता आमची चूक. एक गृहस्थ रात्रपाळीचे सुरक्षारक्षक होते. वय साठीच्या आसपास, मधुमेह बारा-तेरा वर्षांचा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जखम. आम्ही त्यांचे ड्रेसिंग आठवड्यातून तीनदा, अकरा आठवडे केले. सलाइनने धुतले, मलम बदलले, पुन्हा बदलले, महागडी पट्टी देणगीदाराकडून मिळवून लावली. जखम कधी लाल दिसे, कधी पांढुरकी; लहान काही होईना. आम्ही साखरेला दोष दिला, नंतर त्यांच्या खाण्याला, मग त्यांनी औषधे चुकवली असणार म्हणून त्यांनाच. या अकरा आठवड्यांत एकदाही आम्ही विचारले नाही की तुम्ही इथे येता कसे, आणि इथून जाता कुठे. ते स्टेशनपासून चालत येत. इथून घरी, आणि संध्याकाळी ड्युटीवर. बारा तास उभे. पायात एजन्सीने दिलेले काळे, कडक तळाचे, एक नंबर लहान बूट. आम्ही सकाळी जे बांधत होतो ते ते रात्री चिरडत होते, आणि त्यांना ते कळतही नव्हते. बाराव्या आठवड्यात ते आले ते थंडी वाजून, पाऊल सुजलेले, साखर चारशेच्या वर. सरकारी रुग्णालयात त्यांचा अंगठा आणि त्यामागच्या हाडाचा तुकडा काढावा लागला. अंगठ्यावर निभावले. पाय वाचला, पण तो आमच्या हुशारीने वाचला नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चपलेचा. मग हाच आमच्या दवाखान्याचा पहिला प्रश्न झाला. आजही आम्ही आधी चप्पल किंवा बूट हातात घेऊन आतून बोटे फिरवतो आणि मगच पट्टी सोडतो.

तळव्यावरच्या जखमेचा खरा उपचार म्हणजे तिच्यावरचा भार काढणे. मधुमेही पायाविषयीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन (२०२३) हेच सांगते : नसांच्या बिघाडामुळे तळव्याला झालेल्या जखमेसाठी पहिली निवड म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचे, रोग्याला स्वतः काढता न येणारे प्लॅस्टर किंवा तसाच न निघणारा बूट. हा साचा पावलाला आणि पोटरीला सर्व बाजूंनी बेताने चिकटून बसतो, म्हणून एका बिंदूवर पडणारा भार सगळ्या तळव्यावर आणि पायावर वाटला जातो. तो आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतात. रक्तपुरवठा चांगला असेल आणि जंतूंचा प्रादुर्भाव नसेल, तर महिनोन्‌महिने रेंगाळलेली जखम पुष्कळदा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. 'काढता न येणारा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. काढता येणारा बूट दिला की माणूस घरात तो काढून ठेवतो. अमेरिकेतील एका पाहणीत (२००३) असे दिसले की रोग्यांनी दिवसभरातील आपल्या हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के हालचाल तो बूट घालून केली होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखणाऱ्या पायाला लंगडावे लागते. न दुखणाऱ्या पायाला कोण जपून वागवील? हे प्लॅस्टर मात्र कुणीही कुठेही घालू नये. ते शिकलेल्या हातानेच घालायचे असते. रक्तपुरवठा फार कमी असलेल्या पायाला किंवा पू झालेल्या पायाला ते घातले तर पाय जाऊ शकतो.

पण प्लॅस्टरपेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. आमच्या त्या गृहस्थांना सहा आठवडे घरी बसा असे सांगणे सोपे होते. ड्युटी नाही तर पगार नाही, आणि दोन महिने गैरहजर राहिल्यावर नोकरीही नाही. मलमासाठी देणगी मागितली की मिळते. एखाद्याने दोन महिने बसून राहावे म्हणून देणगी मागितली की लोक चेहऱ्याकडे पाहतात. शेवटी मंडळाच्या महिला शाखेने त्यांच्या घरी दोन महिन्यांचा शिधा पोहोचवला आणि एका सभासदाने एजन्सीत जाऊन त्यांना परतल्यावर बसून करायचे गेटवरचे रजिस्टरचे काम मिळवून दिले. आमच्या मते हाही उपचारच होता, आणि त्या वर्षी मंडळाने आरोग्यावर केलेल्या खर्चात सर्वांत कामाला आलेला खर्च तोच होता. हिशेबाच्या वहीत तो कोणत्या खात्याला टाकायचा यावर वार्षिक सभेत वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

भाराच्या खालोखाल रक्तपुरवठा. मधुमेहाने, आणि तंबाखू-विडीने त्याहून वेगाने, पायाच्या रोहिण्या अरुंद होतात. चालताना पोटरी भरून येऊन थांबावे लागणे, रात्री पाय खाली लोंबकळत सोडल्यावरच बरे वाटणे, पाऊल थंड आणि बोट निळसर-काळे होणे, ही त्याची लक्षणे. पण पाय बधिर असेल तर यातले दुखणे जाणवणारही नाही, म्हणून पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. ती लागत नसेल तर डॉप्लर तपासणी करतात. रक्तच पोहोचत नसेल तर नुसत्या ड्रेसिंगने जखम भरणार नाही. कापाकापीचा निर्णय होण्यापूर्वी रक्तवाहिन्यांच्या शल्यतज्ज्ञाला पाय दाखवावा आणि बंद रोहिणी फुग्याने उघडता येईल का किंवा बायपास होईल का, हे स्पष्ट विचारावे. विचारण्याचा संकोच आपल्या लोकांत फार आहे.

जंतूंच्या बाबतीत थोडक्यात. पाऊल सुजणे, लाली वर सरकणे, घाण वास, पू, थंडी-ताप, एकाएकी साखर वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रविवारची वाट पाहू नये. पू काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी तो जिरत नाही. जखमेतून सळई घातल्यावर हाड लागते का हे डॉक्टर पाहतात. हाडापर्यंत जंतू गेले असतील तर प्रतिजैविके साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. दहाव्या दिवशी बरे वाटते म्हणून सोडायची नसतात. याउलट, जखम स्वच्छ असेल, सूज-लाली नसेल, तर नुसती ती उघडी आहे म्हणून प्रतिजैविके घेण्याची गरज नाही.

ड्रेसिंगबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि त्यात सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. मेलेले मांस आणि कडेचा घट्टा जाणकाराने कापून काढावा, जखम सलाइनने धुवावी, ती फार ओली नको आणि कोरडी ठणठणीतही नको अशा बेताने झाकावी. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने नवे मांसही मरते. हळद, चुना, कॉफीची पूड, विडीची राख, पानांचा लगदा यांपैकी सर्व काही आम्ही जखमेतून काढलेले आहे. कुरूप घालवण्यासाठी मिळणाऱ्या औषधी पट्ट्यांत कातडी जाळणारे आम्ल असते. बधिर पायाला त्या लावू नयेत. जखमेतील स्राव ओढून घेणारे यंत्र, वाढघटकांची मलमे, प्राणवायूची पेटी यांच्या जाहिराती वाचून कर्ज काढू नये. त्यांतील काहींचा विशिष्ट जखमांत उपयोग आहे, पण भार, रक्त, जंतू आणि साखर या चार गोष्टी पाहिल्यानंतरच. एक मोजमाप मात्र घरीही करता येते. दर आठवड्याला पारदर्शक प्लॅस्टिकवर जखमेची कड पेनाने उतरवून तारीख घालावी. प्लॅस्टिक स्वच्छ असावे आणि जखमेत बुडवू नये. नीट उपचार सुरू असूनही चार आठवड्यांत क्षेत्र निम्म्यावर आले नाही, तर काहीतरी राहून जाते आहे असे समजून वरच्या रुग्णालयात जावे. आम्ही त्या गृहस्थांच्या बाबतीत हे केले असते तर अकरा आठवडे गेले नसते.

आहाराचे एकच सांगतो. जखम चिघळते म्हणून अंडी, मासे, डाळ बंद करण्याची चाल आपल्याकडे आहे. जखम भरायला प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर ती बंद करू नयेत. साखर ताब्यात येत नसेल तर जखम असेपर्यंत डॉक्टर इन्सुलिन सुचवतील. 'एकदा सुरू झाले की सुटत नाही' या भीतीने नाकारू नये.

जखम भरली की रोगी पेढे घेऊन येतो, आणि आम्हाला तेव्हाच काळजी वाटते. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, कारण नसा परत आलेल्या नसतात आणि चप्पल तीच असते. रबरी हवाई चप्पल निसटून रस्त्यात राहिली तरी बधिर पायाला कळत नाही. तिचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात घासतो, आणि खिळा तळातून सरळ आत येतो. कडक तळाची कोल्हापुरीही नको. पुढे रुंद, मागे पट्टा असलेली, आत मऊ एम.सी.आर. रबराचा थर आणि खाली टणक तळ असलेली चप्पल हवी. ती संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना मापून घ्यावी. आपल्या नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी २००० नंतरच्या दशकात 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमात डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना पाऊल तपासण्याचे, घट्टे काढण्याचे आणि पादत्राणे सुचवण्याचे शिक्षण देण्याची पद्धत घातली, ती पुढे इतर देशांतही गेली. रोज रात्री पावले धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, आरशात तळवे पाहावेत. नजर अधू असेल तर नातवाला पाहायला सांगावे. गरम पाण्याची पिशवी, शेक, आणि पायाने पाण्याची उष्णता पाहणे कायमचे बंद.

यातून एक प्रश्न थेट आपल्या विहारापर्यंत येतो. आपण पादत्राणे बाहेर काढतो. १४ एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फरशीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर, बधिर पायाला भाजल्याचे किंवा काच रुतल्याचे कळत नाही. आम्ही वृद्ध उपासकांना चप्पल घालून आत या म्हटले, तेव्हा त्यांना ते अनादराचे वाटले. म्हणून विनयपिटकातील महावग्ग दाखवावा लागला. सोण कोळिविस या सुकुमार भिक्खूची कथा आपल्याला विणेच्या तारेमुळे ठाऊक आहे. चंक्रमण करता करता त्याची पावले फुटली आणि वाट रक्ताने माखली, हे पाहून भगवंतांनी त्याला तो उपदेश केला. पण त्याच प्रसंगी त्यांनी एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली, आणि ती सर्व संघाला मिळाली, हे प्रवचनात सहसा येत नाही. त्याच प्रकरणात पुढे, एरवी विहाराच्या आवारात पादत्राणांवर मर्यादा असताना, ज्याचे पाय दुखतात, फुटले आहेत किंवा ज्याला कुरूप आहे त्याने ती घालावीत, अशी स्पष्ट सवलत आहे. भंतेजींनी एका पौर्णिमेला हा भाग वाचून दाखवला.

तेव्हापासून आमच्या विहाराच्या दाराशी खुंट्यांची एक फळी लावली आहे. ज्यांचे पाय बधिर आहेत ते आतल्या वापरासाठी स्वतःच्या मापाचा स्वच्छ जोड कापडी पिशवीत घालून तिथे टांगतात. एकमेकांचे जोड वापरायचे नाहीत, कारण माप चुकले की पुन्हा जखम. सध्या नऊ पिशव्या आहेत. पहिली पिशवी त्या सुरक्षारक्षक गृहस्थांची. त्यांच्या उजव्या चपलेत, अंगठ्याच्या रिकाम्या जागी, चांभारदादांनी रबराचा तुकडा बसवून दिला आहे.